लिंक भरली का, सर?

जिल्हा परिषद शाळांच्या बहुतेक केंद्रांत व्हॉट्सअॅपचे दोन ग्रुप असतात. एकात केंद्रप्रमुख असतात, दुसऱ्यात नसतात. पहिल्यावर रात्री पावणेदहाला एक्सेलची शीट येऊन पडते. खाली ‘तात्काळ’ किंवा ‘आजच्या आज’, आणि शेवटी ते अजरामर वाक्य : माहिती निरंक असल्यास तसा निरंक अहवाल द्यावा. म्हणजे ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, त्यानेही काही नाही हे लेखी कळवायचे. पाच मिनिटांत दुसरा ग्रुप जागा होतो. ‘सर, लिंक भरली का? माझी उघडतच नाही.’ ‘मॅडम, तुमचा यू-डायस नंबर आणि पट टाका, मी भरतो. तुमच्याकडे रेंज नसते, माहीत आहे.’ माझी बहीण जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे, त्यामुळे हा दुसरा ग्रुप मला अधूनमधून तिच्या खांद्यावरून वाचायला मिळतो. शिक्षकांच्या ताणावर जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात हा ग्रुप फारसा दिसत नाही. खरे तर शाळा चालते ती बरीचशी त्याच्यावर.

शिक्षकांचा ताण म्हटले की पारावरचा प्रतिप्रश्न ठरलेला आहे. त्यांना कसला ताण? पगार बघा, सुट्ट्या बघा. हा प्रश्न अगदीच खोटा नाही. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणारा गुरुजी आणि पावसाची वाट बघणारा पालक एकाच गावात राहतात, किंवा गुरुजी त्या गावात राहतच नाहीत, आणि त्यावरूनही तक्रार असते. पण ताण पगारपत्रकात दिसत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी 1979 साली कामाच्या ताणाची एक साधी मांडणी केली : काम किती अंगावर येते आणि ते कसे करायचे हे ठरवायला आपल्या हातात किती असते. पहिले जास्त आणि दुसरे कमी, की माणूस खचतो. 1988 मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलेन हॉल यांनी तिसरी बाजू जोडली, सोबत. काम करणाऱ्याच्या शेजारी कोण आहे? आपल्याकडच्या शिक्षकाला ही मांडणी लावली, तर गेल्या पंधरा वर्षांत पहिली बाजू फुगत गेली, दुसरी आटत गेली आणि सगळा भार तिसरीवर येऊन पडला.

फुगलेली बाजू आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 27 ने शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. निवडणुका आपल्याकडे कधी संपत नाहीत, त्यामुळे त्या फटीतून बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम आत आले ते कायमचे. याच कायद्याच्या आधाराने राज्याने 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. हेतू चांगला होता : एका परीक्षेने मुलाला तोलायचे नाही, वर्षभर त्याच्याकडे बघत राहायचे. प्रत्यक्षात बघणे मागे पडले आणि नोंदवही पुढे आली. मग 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, आणि सगळे गुण ‘सरल’ पोर्टलवर. 2023-24 मध्ये तिसरी ते आठवीला नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे ‘पॅट’. जागतिक बँकेच्या मदतीने सहा राज्यांत राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली. तिचे गुण आता चॅटबॉटला सांगायचे असतात. मार्च 2025 मध्ये निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम आला : दुसरी ते पाचवीची मुले 30 जूनपर्यंत अपेक्षित पातळीवर दिसली पाहिजेत. शिवाय दिल्लीहून येणारी सर्वेक्षणे वेगळी. नोव्हेंबर 2021 चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, 4 डिसेंबर 2024 चे ‘परख’. सर्वेक्षण खरे तर नमुन्याचे असते, काही निवडक शाळांचे. पण सरावाच्या प्रश्नपत्रिका महिनाभर आधी सगळ्याच शाळांत फिरतात, कारण जिल्ह्याचा क्रमांक लागणार असतो.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घडते. चाचणी मुलाची असते, निकाल मात्र शिक्षकाचा लागतो. पायाभूत चाचणीचा मूळ उपयोग असा की जुलै-ऑगस्टमध्ये मूल कुठे आहे ते कळावे आणि तिथून पुढे शिकवावे. कमी गुण हीच तिथे कामाची माहिती. पण तेच गुण तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर रंगीत तक्त्यात दिसले आणि आपल्या शाळेची ओळ लाल निघाली, की पुढच्या खेपेला शिक्षक काय करेल? डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकी अभ्यासकाने सत्तरच्या दशकातच बजावले होते की ज्या आकड्यावर निर्णय अवलंबून राहतात तो आकडाच नासतो, आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही नासवतो. आपल्याकडे ‘प्रगत’ शाळांचे फलक याच नियमाने वाढले.

त्यात 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायची. पाच वर्षांच्या आत निवृत्त होणाऱ्यांना नोकरीपुरती सूट, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी. पंचवीस वर्षे पेपर काढणारी माणसे पन्नाशीत 150 पैकी 90 गुणांच्या मागे लागली. निकालाच्या बाजूने बोलण्यासारखे आहे : शिक्षकाला विषय आला पाहिजे, यात वाद काय असणार? पण भरती झाली तेव्हा जी अट नव्हती ती नोकरीवर टांगली गेली, ही भीती वेगळीच. बहिणीच्या केंद्रात या भीतीतून एक मजेशीर व्यवस्था उभी राहिली. नव्या भरतीतले, टीईटी आणि अभियोग्यता चाचणी पार करून आलेले, 16 हजार मानधनावरचे शिक्षणसेवक शनिवारी दुपारी ज्येष्ठांचा बालमानसशास्त्राचा वर्ग घेऊ लागले. पियाजेच्या अवस्था पाठ होत नाहीत म्हणून एक गुरुजी वैतागून म्हणाले, ‘अहो, तीस वर्षं त्या अवस्थाच समोर बसल्यात माझ्या!’ सगळे हसले. मग पुन्हा पाठांतर सुरू.

दुसरी बाजू, म्हणजे आपल्या हातातले, किती आटले ते यातच दिसते. आता तिसऱ्या बाजूकडे, म्हणजे सोबतीकडे. तिचा आपल्याकडचा एक जुना आणि सुंदर पुरावा 1856 सालचा आहे. त्या ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई आजारी होत्या, विश्रांतीसाठी नायगावला माहेरी गेल्या होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी आहे ती पुण्यात एकट्या पडलेल्या फातिमाची. तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. एक शिक्षिका रजेवर, दुसरीच्या अंगावर दोघींचे वर्ग. द्विशिक्षकी शाळेत आजही नेमके हेच होते. 2018 पासून बालसंगोपन रजा 180 दिवसांची मिळते. हक्काची आहे, हवीच आहे. पण बदली शिक्षक मिळत नाही, त्यामुळे ती रजा शासन देते आणि भरून काढते शेजारची बाई. हाडाच्या कार्यकर्त्याही रजेचा अर्ज लिहिताना घुटमळतात, कारण तो अर्ज मुख्याध्यापकाच्या नावे असला तरी ओझे मैत्रिणीच्या नावे जाणार असते.

शिक्षकाचे एकटेपण हा जगभरच्या अभ्यासाचा विषय आहे. डॅन लॉर्टी यांनी 1975 च्या ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात शाळेच्या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा लोकप्रिय केली : शेजारी शेजारी, पण प्रत्येक जण आपल्या खळग्यात. ज्युडिथ वॉरन लिटल यांनी 1990 मध्ये शिक्षकांच्या आपसातल्या सोबतीचे थर पाडून दाखवले. सर्वांत वर गप्पा आणि किस्से, मग मागितली तर मदत, मग साहित्याची देवाणघेवाण, आणि सर्वांत खोल एकत्र काम : एकाच पाठाची जबाबदारी दोघांनी घेणे, एकमेकांच्या वर्गात बसणे. त्यांचे निरीक्षण असे की बहुतेक शिक्षकखोल्या वरच्या दोन-तीन थरांतच फिरतात, कारण खोल थरात आपले अपुरेपण दुसऱ्याला दिसते. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची, म्हणजे ‘जुग्यो केन्क्यू’ची जुनी परंपरा आहे. एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात, मग सगळे मिळून पाठाची चिरफाड करतात, शिकवणाऱ्याची नाही. आपल्याकडे हे अवघड जाते. वर्गाच्या मागे कोणी उभा राहिला की तो तपासणीलाच आला, असे आपले शरीरच समजते.

तरी आपल्याकडे हे घडलेले आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने पहिली-दुसरीचे वर्ग चालवून दाखवले. फरशीवर आखलेल्या आकृत्या, मुलाच्या उंचीला आलेले फळे, खडे, काड्या, गटात बसलेली मुले. त्यातले खरे काम मात्र फरशीवर नव्हते. एका शाळेत अडलेला शिक्षक दुसऱ्या शाळेत जाऊन बसायचा, बघायचा, परत येऊन करून पाहायचा. लिटल यांच्या भाषेत हा सर्वांत खोल थर. मग राज्यभरातून हजारो शिक्षक बसगाड्या करून कुमठ्याला येऊ लागले, आणि त्यातल्या अनेकांना खरोखर काही गवसले. पण जे राज्यभर पसरले ते मुख्यतः रंगकाम. फरशी आखली की शाळा रचनावादी झाली, आणि न आखलेली शाळा बैठकीत उत्तर देऊ लागली. कॅनडात काम केलेले अँडी हार्ग्रीव्ह्ज यांनी नव्वदच्या दशकात याला नाव दिले होते. मराठीत त्याला ‘हुकमी सहकार्य’ म्हणता येईल. शिक्षक आपणहून एकत्र आले तर त्यातून काय निघेल हे सांगता येत नाही. वरून एकत्र आणले की वेळ, विषय आणि निष्कर्ष आधीच ठरलेले असतात.

केंद्रांचीही गोष्ट अशीच. 1994 मध्ये राज्यात केंद्रे आणि केंद्रप्रमुख ही रचना आली. दहा-बारा शाळांचा गट, महिन्याला एक शिक्षण परिषद, केंद्रप्रमुख हा तपासनीस नाही तर मार्गदर्शक, अशी ती कल्पना. कागदावर इतकी चांगली व्यवस्था फार कमी राज्यांत असेल. आजची परिषद मी दोनदा मागच्या बाकावर बसून पाहिली आहे. पहिले दोन तास सूचना : कोणती माहिती प्रलंबित, कोणत्या शाळेची आधार जुळणी बाकी, कोणाची स्विफ्टचॅटवरची हजेरी राहिली. मग एक नमुना पाठ, ज्याचा फोटो निघतो. खरी परिषद भरते ती जेवणाच्या सुट्टीत, चिंचेखाली, डबे उघडल्यावर. ‘तुमचा तो पोरगा वाचायला लागला का हो?’ ‘नाही ना. अक्षरं येतात, जोडत नाही.’ ‘माझ्याकडे एक होता तसा. त्याला मी आठवडाभर फक्त बसच्या पाट्या वाचायला लावल्या.’ ही दोन मिनिटे कोणत्याही इतिवृत्तात येत नाहीत.

पैशाच्या सोबतीचे उदाहरण त्याहून जुने आणि भक्कम आहे. सातारा, सांगली, नगर अशा काही जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांच्या स्वतःच्या सहकारी बँका आहेत, आणि बाकी राज्यभर पतसंस्था. मुलीचे लग्न, घर, दवाखाना, सगळे तिथून. जामीनदार म्हणून शेजारच्या शाळेतला सहकारी. एकमेकांच्या कर्जाला सही करणे ही महाराष्ट्रातल्या शिक्षकांची सर्वांत मोठी सामाजिक सुरक्षा योजना असावी, असे मला कधी कधी वाटते. वार्षिक सभेत खुर्च्या उडाल्याच्या बातम्या येतात त्याही यामुळेच. जिथे खरेच काही पणाला असते तिथेच भांडणे होतात. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यातला कोणी सेवेत असताना गेला तर घरच्यांच्या हाती फार थोडे पडायचे, आणि तेव्हा ग्रुपवर खाते क्रमांक फिरायचा. पाचशे, हजार, ज्याला जमेल ते. करोनाच्या दोन वर्षांत हे खाते क्रमांक फार वेळा फिरले. मार्च 2023 च्या संपानंतर शासनाने नव्या योजनेतल्यांनाही कुटुंब निवृत्तिवेतन लागू केले. वर्गणीने चाललेली गोष्ट नियमात आली ती एकत्र काम बंद केल्यावर, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या सोबतीचे गोडवे गाताना तिच्या काळ्या बाजूवरून डोळे फिरवून चालणार नाही. मदत आणि मिलीभगत यांत कधी कधी एका खोडरबराचे अंतर असते. ‘पॅटला जरा सांभाळून घ्या, केंद्राचा प्रश्न आहे’ हे वाक्यही सहकार्याच्याच भाषेत बोलले जाते. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात याचे टोक दिसले. तिथे 2011 च्या राज्य चौकशीत 44 शाळांतल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्याचा ठपका आला, आणि 2015 मध्ये 11 जण न्यायालयात दोषी ठरले. वरच्याच्या आकड्याची भीती खाली झिरपली होती. शिवाय दुःख वाटून घेतल्याने ते नेहमी कमी होतेच असे नाही. एकाच तक्रारीचे रोज दळण घातले की जवळीक वाढते आणि निराशाही वाढते. दुसऱ्या ग्रुपवर असे आठवडे येतात. तेव्हा बहीण तो म्यूट करते आणि दोन दिवस बरी असते.

रचनाही सोबतीच्या आड येते. 2017 पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर होतात. वशिला गेला, हे निर्विवाद चांगले झाले. पण संवर्ग एकमधल्याने, म्हणजे आजारपणासारख्या कारणाने प्राधान्य असलेल्याने, आपली शाळा मागितली की आपल्याला ‘खो’ बसतो आणि आपण विस्थापित. काल डबा वाटून खाल्लेली माणसे बदलीच्या हंगामात एकमेकांच्या आजाराची प्रमाणपत्रे संशयाने बघू लागतात. खासगी शाळांत संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरताना, पद कमी झाले की दोघांतला कोणीतरी अतिरिक्त ठरणार असतो. विनाअनुदानित शाळांत तर वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर काढलेल्यांची सोबत आझाद मैदानातच घट्ट होते, कारण शाळेत तक्रार करायची सोय नसते.

बाहेर पाहिले तर सोबत कशी कामी येते याची काही ठळक उदाहरणे दिसतात. सिएटलच्या गारफिल्ड हायस्कूलमधल्या शिक्षकांनी जानेवारी 2013 मध्ये ‘मॅप’ नावाची चाचणी घ्यायलाच नकार दिला; ती आम्ही शिकवतो ते मोजत नाही, असे त्यांचे म्हणणे. एकटा शिक्षक असता तर निलंबित झाला असता. सगळी शाळा उभी राहिली, आणि मे महिन्यात ती चाचणी हायस्कूलसाठी ऐच्छिक झाली. इंग्लंडमध्ये शाळातपासणीनंतर खचलेल्या रूथ पेरी या मुख्याध्यापिकेने जानेवारी 2023 मध्ये जीवन संपवले. त्यानंतर त्यांच्या घरच्यांनी आणि व्यवसायबंधूंनी लावून धरले, तेव्हा शाळेला एका शब्दात निकालात काढणारी श्रेणी सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली. दक्षिण कोरियात जुलै 2023 मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेतली विशीतली शिक्षिका गेली. त्यानंतर शिक्षक दर शनिवारी रस्त्यावर उतरू लागले, कोणत्याही संघटनेच्या झेंड्याशिवाय, काळे कपडे घालून. 4 सप्टेंबरला हजारोंनी एकाच दिवशी रजा टाकली, आणि त्याच महिन्यात पालकांच्या छळापासून शिक्षकांना संरक्षण देणारे कायदे संसदेत मंजूर झाले. या तिन्ही ठिकाणी शिक्षकांनी एकमेकांचे ओझे नुसते वाटून घेतले नाही. ते कुठून येते तिकडे बोट केले. आपल्या संघटना पगार, पेन्शन आणि बदलीसाठी हे उत्तम करतात. चाचण्या किती आणि कशासाठी, यावर त्यांचा आवाज आत्ता कुठे फुटू लागला आहे. अॅक्टिव्ह टीचर्स फोरमसारखे शिक्षकांचे स्वयंस्फूर्त गट मात्र काही वर्षे हे बोलत आले आहेत.

आधाराच्या औपचारिक सोयी थोडक्यात सांगून होतील, कारण त्या थोड्याच आहेत. 2022 पासून टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक सर्वांसाठी आहे, मराठीतही बोलता येते, आणि तो शिक्षकांनी जरूर वापरावा. बोर्डाच्या परीक्षेत मुलांसाठी समुपदेशक नेमले जातात. पर्यवेक्षकाला कोणी विचारत नाही.

एप्रिल 2025 मध्ये पहिली ते नववीचे पेपर पहिल्यांदाच राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 तारखेपर्यंत चालले आणि निकाल 1 मे रोजी द्यायचा होता. मधल्या चार-पाच दिवसांत पेपर तपासणी, नोंदी, प्रगतिपत्रके आणि चॅटबॉट. बहीण आणि आसपासच्या शाळांतल्या तिघा-चौघांनी मग दुसऱ्या ग्रुपवर ठरवून एका शाळेचा हॉल गाठला, जिथे पंखे चालू होते. एकाने गुण वाचायचे, दुसरीने मोबाइलवर टाकायचे, तिसऱ्याने बेरजा पडताळायच्या. कोणीतरी मठ्ठ्याची कॅन आणली होती. मी बहिणीला घ्यायला गेलो होतो, म्हणून पाऊण तास तिथे होतो. ‘तुमच्या पाचवीच्या पोरानं बघा काय लिहिलंय’ म्हणत एक उत्तरपत्रिका हातोहात फिरली. भागाकाराच्या जागी त्याने लिहिले होते, चार भावांत सात एकर नीट वाटून होत नाहीत. त्यावर गुण द्यावेत की नाही, यावर दहा मिनिटे खरी चर्चा झाली, आणि एक गुण मिळाला.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. त्यांच्याकडे शेजारच्या दोन केंद्रांचाही पदभार होता, तिथूनच येत होते. पाणी प्यायले, काही न बोलता चौथीचा एक गठ्ठा ओढला आणि तपासायला बसले. शेवटी तेही वर्गातूनच आलेले. वीसेक पेपर झाल्यावर त्यांनी वर पाहिले. ‘हे फार छान करताय तुम्ही. एक फोटो काढून ग्रुपवर टाकू का? बाकीच्यांनाही कळेल.’

‘नको, सर,’ असे चार-पाच आवाज एकदमच आले. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि पुढचा पेपर घेतला.